काळं बटण

सोमवारी सलून बंद, म्हणून सोमवारी चार वाजता बाण्या मास्तरांच्या दुकानाचा जिना चढायचा. मास्तर शिंपी, बाण्या न्हावी. एके काळी क्लबच्या फुटबॉल संघात तो पुढच्या फळीत बाणासारखा सुटायचा, तेव्हाचं हे नाव साठी उलटली तरी चिकटून होतं. बायको गेल्यापासून मास्तरांच्या त्या दोन खोल्यांत मशीनखेरीज कुणाचा आवाज नसे. गिऱ्हाइकं यायची, मापं द्यायची, जायची. मास्तरांसाठी म्हणून येणारा हा एकटाच.

आणि तो यायचा तोही भांडायला.

एकतीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात बाण्याने गोल मारला आणि रेषेवर उभ्या लाइन्समनने झेंडा वर केला. ऑफसाइड! तो लाइन्समन म्हणजे मास्तर. क्लबने चषक घालवला. तेव्हापासून कापडं बेतायच्या टेबलावर बटणं मांडली जात. काळं म्हणजे बाण्या, पांढरी समोरच्या संघाची, खडूची रेघ म्हणजे गोलरेषा.

"पास सुटला तेव्हा माझ्यापुढे दोघं होते. गोलकीपर आणि त्यांचा हा लंबू. नियमाला दोनच लागतात ना?"

"पास सुटला तेव्हा लंबू तुझ्या मागे होता."

"तुझे डोळे म्हणजे सुईचं नेढं! धाग्यापलीकडे काही शिरतच नाही."

"आणि तुझी अक्कल वस्तऱ्याने उतरवलेली."

चहा गार व्हायचा. मास्तरांचा आठवडा त्या गार चहावर निघायचा.

एका सोमवारी मात्र बाण्या आला, गुडघे चोळत बसला आणि बटणांकडे पाहून म्हणाला, "जाऊ दे मास्तर. होतो मी ऑफसाइड. किती उगाळायचं आता?"

मास्तरांची कात्री थांबली. वाद मिटला तर हा दुखऱ्या गुडघ्यांनी जिना कशाला चढेल? घाईघाईत तोंडून निघून गेलं, "नव्हतास."

"काय?"

"ऑफसाइड नव्हतास. म्हणजे, मी बघितलंच नाही." मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "त्या लंबूच्या चड्डीची शिवण उसवली होती. दोन्ही संघांचे कपडे मीच शिवलेले. माझा टाका सुटला कसा, तेच बघत राहिलो. मान वर केली तर चेंडू तुझ्या पायात आणि तू त्याच्या पुढे. पास कधी सुटला देव जाणे. अंदाजाने केला झेंडा वर."

बाण्या गुडघे चोळायचा थांबला.

"एकतीस वर्षं?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

"आलो असतो की, गाढवा," बाण्या हळूच म्हणाला. "आपल्याला बोलायला दुसरं काही नव्हतं का?"

त्याने टेबलावरचं काळं बटण उचलून खिशात टाकलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला.

पुढच्या सोमवारी मास्तरांनी तीनलाच टेबल मोकळं केलं. रेघ मारली, पांढरी बटणं मांडली. डब्यात तसलीच काळी बटणं पन्नासेक तरी होती. त्यांनी त्यांतलं एकही काढलं नाही. काळ्याची जागा रिकामी ठेवून ते खुर्चीत बसले. चार वाजले. मग साडेचार. खाली पायऱ्यांवर पावलं वाजली की ते मान वर करत, आणि पावलं शेजारच्या दारात वळत.