सज्ज्यामागचे पाळणे

इंदुविलास थिएटरचा विषय काढला की कोल्हापुरातला कुणीही म्हातारा संस्थानचा काळ, ऑर्गन आणि वन्समोअर यांचं कौतुक सांगत बसतो. धोंडुबाईचं नाव कुणी काढत नाही. मला त्याचा राग येतो, म्हणून मी काढते.

थिएटरात बायकांचा सज्जा वेगळा, त्याचा जिनाही वेगळा. सज्ज्यामागे एक अंधारा बोळ होता आणि त्या बोळात तुळईला कापडी पाळणे टांगलेले असत. तान्हं पोर घरी ठेवून यायची सोय कितीजणींना होती? बायका जिना चढून आल्या की पोर धोंडुबाईच्या हातात द्यायच्या आणि पदर सावरत पुढे जाऊन बसायच्या. धोंडुबाई चंदगडकडची, विधवा. तिची स्वतःची दोन्ही पोरं जगली नव्हती. दिवसा ती पेठेत बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची आणि नाटक असलं की बोळात यायची.

‘धोंडुबाईच्या हाताखाली पोर रडत न्हाय,’ असं पेठेत म्हणत. का रडत नाही ते कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या कनवटीला बाळगोळीची डबी असायची. बाळगोळीत अफू असते हे शिकल्यासवरलेल्या बायकांनाही माहीत होतं. पण पद रंगात आलेलं असताना वरून तान्ह्याचा आवाज आला, तर गाणारे बुवा थांबून सज्ज्याकडे बघत, आणि मग अख्खं थिएटर बघे. लगेच खालून मॅनेजर गणपतरावांचा निरोप यायचा, पोर गप करा. सगळ्यांना शांतता हवी होती. ती कुठून येते याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

१९६४ सालच्या थंडीत माझी विमलाकाकू नाटकाला गेली. लग्नानंतरचं तिचं ते पहिलंच नाटक. अंबादासकाका शाळामास्तर, शिस्तीचे आणि तोंडाचे फटकळ. पोराचा आवाज ऐकू आला तर पुन्हा नाटकाचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी उंबऱ्यातच बजावलं होतं. श्रीरंग पाच-सहा महिन्यांचा, किरकिऱ्या. काकूनं घरातच त्याला बाळगोळी चाटवली आणि कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या अंकात तो कुरकुरला. धोंडुबाईनं त्याला आपल्या डबीतली दिली. नाटक सुटल्यावर काकूनं त्याला उचललं तेव्हा तो गाढ झोपेत होता. घरी दिव्याखाली बघितलं, तर ओठ निळे पडलेले. दवाखान्यात नेलं, पण तो जागा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या अंगणात माणसं जमली. गणपतरावांनी धोंडुबाईला सगळ्यांसमोर विचारलं. “व्हय, म्या दिली,” एवढंच ती म्हणाली. काकू काकांच्या मागं उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. मालकांना बोभाटा नको होता, त्यामुळे प्रकरण पोलिसांत गेलं नाही. धोंडुबाईला तेवढं हाकललं.

पाळणे उतरवले. लहान मुलांना आत सोडणार नाही, अशी पाटी लागली. पोरं नाहीत म्हटल्यावर बायका येईनात, बायका येईनात म्हटल्यावर घरचे पुरुषही कमी झाले. कंपन्यांनी मुक्काम टाकणं सोडलं. मग पडदा लावून जुने सिनेमे दाखवू लागले आणि शेवटी धोक्याचा म्हणून सज्जाही पाडला. सिनेमानं नाटक मारलं असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

धोंडुबाईला पेठेत कुणी न्हाऊ घालायला बोलवेना. ती जोतिबाला गेली आणि एका गुलाल-खोबऱ्याच्या दुकानामागं नारळ सोलत बसू लागली. तिथं बायका पोरांची जावळं काढायला येत. ती कुणाच्या पोराकडं मान वर करून बघत नसे, असं दुकानदारानं आम्हाला सांगितलं.

आम्ही तिथं गेलो ते १९८१ साली. काका वारले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि काकूनं पहिल्यांदा माझ्यापाशी तोंड उघडलं. मला धोंडुबाईला काही सांगायचंय, म्हणाली.

धोंडुबाईनं आम्हाला ओळखलं. काकू तिच्यासमोर खालीच बसली.

“धोंडुबाई, तुम्ही एकट्या नव्हता. घरातनं निघताना मीही दिली होती त्याला.”

“ठावं हाय, वयनी.” तिचा हात थांबला नाही. “पोर हातात आलं तवाच डोळ्यांवर झापड हुती. तुमी मान खाली घातलीसा. मग कळायचं काय ऱ्हायलं?”

“मग पुन्हा का दिलीत?” हे मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“पद चाललं हुतं की. खालनं दोनदा निरोप आला. म्हटलं, एवढीशी देऊन काय हुतंय.”

काकू म्हणाली, “माझं नाव का नाही घेतलं?”

“मास्तरांनी घरात ठिवलं असतं व्हय तुमास्नी? माझं काय, मला घरच न्हवतं.”

एवढं बोलून तिनं पुढचा नारळ घेतला. आम्ही उठलो.

“एवढं एकच तिला सांगायचं उरलं होतं गं माझ्याकडं,” काकू स्टँडवर म्हणाली. “तेही तिला माहीत होतं.”