आमच्या चौकटीत काय लिहिलंय?

शंकासुर लिफ्टमध्ये शिरला की आधी तपासणीची तारीख वाचायचा, मगच बटण दाबायचा. तारीख ठीक असली तरी "लिहायला काय जातंय?" असं पुटपुटायचाच. झूटरमेर या डच गावातल्या आमच्या इमारतीत तो वरच्या मजल्यावर राहायचा. स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी होती त्याची, आणि घरी आल्यावरही ती चालूच असायची. मी त्याला दादा म्हणायची. शंकासुर हे नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलेलं. "कुणी ठेवलं ते मी शोधून काढलंय," असं तो एकदा मला जिन्यात म्हणाला होता.

नगरपालिकेचं पत्र आलं की तो ते दोनदा वाचायचा. एकदा काय लिहिलंय ते, आणि एकदा काय लिहिलेलं नाही ते. "कुठेतरी पाणी मुरतंय," हे त्याचं पालुपद. खरं सांगते, मला भारी वैताग यायचा त्याचा.

माझी इरा तेव्हा सहा वर्षांची. थंडी पडली की तिची छाती वाजायला लागायची. डॉक्टर सरळ माणूस. एकदा स्पष्टच म्हणाले, की या औषधाचा अभ्यास बहुतेक इथल्याच मुलांवर झालाय, तुमच्याकडच्या मुलांना किती लागू पडेल ते अंदाजानंच ठरवतोय. अंदाजानं! त्याच दिवशी नर्सनं विचारलं, मुलांच्या दम्यावर संशोधन चाललंय, इराला घ्यायचं का? मी म्हटलं, "घरी विचारून सांगते." आपण म्हणतोच ना तसं? मग नवरा, मग पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल, "माझ्या नातीवर प्रयोग?" म्हणून त्यांची रडारड. सगळ्यांना पटेपर्यंत तीन आठवडे गेले. काय ठरलं ते विचारायला हॉस्पिटलातूनच फोन येईल म्हणून आम्ही वाट बघत बसलो. तो आलाच नाही. शेजारच्या डच मुलाला मात्र बोलावणं आलं.

"आपल्याला मुद्दाम वगळतात," मी दादाला म्हटलं. डोकंच फिरलं होतं माझं.

"असेलही. आधी नोंद काय आहे ते बघू."

सुट्टी टाकून तो माझ्याबरोबर आला. नर्ससमोर बसला आणि शांतपणे म्हणाला, "आमच्या चौकटीत काय लिहिलंय ते दाखवता?" तिनं स्क्रीन वळवली. दोनच चौकटी होत्या, हो आणि नाही. इराच्या नावापुढे 'नाही'वर खूण.

"तुम्ही हो म्हणाला नाहीत," नर्स गोरीमोरी झाली. "मला आग्रह करायचा नव्हता."

मला वाटलं, आता हा खूण बदलायला लावणार. छे! त्यानं प्रश्नांची यादी काढली. रक्त किती काढणार, कुठे ठेवणार, कुणाला देणार, मधेच सोडलं तर उपचारात फरक पडेल का. एका प्रश्नाचं उत्तर तिला येईना, तर तिला फोन करून विचारायला लावलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "आता तू ठरव. माझ्या पोराच्या वेळी मी एकही प्रश्न न विचारता नाही म्हणून आलो होतो. नुसता संशय घेतला गं, चौकशी केलीच नाही." त्याचा मुलगा अजून दम्याचा पंप खिशात घालून शाळेत जायचा. मी सही केली.

मागच्या वर्षी दादाची नोकरी गेली, इथं राहायचं परमिट संपलं आणि तो पुण्याला परतला. निघताना त्यानं बॅगांची कुलपं तीनदा ओढून पाहिली. मी रडायला लागले तर म्हणाला, "खरंच रडतेस ना?" त्याच्याइतकी आठवण मला इथून गेलेल्या दुसऱ्या कुणाची येत नाही.

परवा इराच्या तपासणीला गेले होते. शेजारच्या टेबलाशी आपल्याकडची एक तरुण आई लेकाला मांडीवर घेऊन बसली होती. एका नव्या नर्सला ती इंग्रजीत सांगत होती, घरी विचारून सांगते म्हणून. नर्सनं मान डोलावली आणि हात माउसकडे नेला.

मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी उठले.

"माफ करा," म्हटलं, "त्यांच्या चौकटीत काय लिहिताय?"