फ्रिजमधला उतारा

औषधवाल्या काकू दुकानातल्या औषधांना तळहातावरच्या फोडासारखं जपत. उन्हाची तिरीप सरकली की त्या खोकेही सरकवायच्या. एखाद्या गिऱ्हाइकाने गोळ्या पँटच्या खिशात कोंबल्या, तर त्याला हटकायच्या, "अहो, तिथे शिजतील त्या."

लेक नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा फोनवर "जेवलीस का?" आणि "हो" यापुढे गाडी सरकेना. मग लेकीनेच आईला एक व्हिडिओ गेम शिकवला. अणुयुद्धानंतरचं उजाड जग. दोघींनी आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून, त्यात बरोबर हिंडायचं. किरणोत्सर्गाने आयुष्याची हिरवी पट्टी एका टोकाकडून लाल होत जायची. ती परत हिरवी करणारं औषध एकच, सलाइनसारखी एक पिवळी पिशवी. काकूंनी तिचं नाव ठेवलं उतारा.

"दिवसभर औषधं विकतेस, आणि सुटीतही औषधंच गोळा करतेस," काका म्हणायचे.

"इथे डॉक्टरांचं अक्षर तरी लावत बसावं लागत नाही."

एका रविवारी दुपारी दोघी पडक्या अणुभट्टीत उतरल्या. लेकीने खेळाचा सगळ्यात कठीण प्रकार निवडला होता. त्यात पात्र एकदा मेलं की मेलंच, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिने वर्षभर खपून आपली लढवय्यी घडवली होती, आणि तळघरात पोचेपर्यंत त्या लढवय्यीची पट्टी जवळजवळ लाल झाली होती.

"आई, उतारा दे. पटकन."

काकूंनी पाठीवरची पिशवी उघडली. त्यात दोरखंड होता, डबे होते, कुणाच्या तरी चपला होत्या.

"फ्रिजमध्ये आहे," त्या म्हणाल्या.

"कुठल्या फ्रिजमध्ये?"

"आपल्या तळावरच्या. सगळाच तिथे ठेवलाय. तू उन्हातान्हातून हिंडवतेस, खराब होईल."

"अगं, गेममध्ये औषध कसं खराब होईल?"

"तसं पिशवीवर लिहिलंय का कुठे?"

लेकीला हसावं की रडावं कळेना. काकूंनी मात्र सूत्रं हाती घेतली. "त्या जाड दाराच्या खोलीत शीर आणि हलू नकोस. तिथे किरणं नाहीत. मी आलेच."

एरवी वाटेतला प्रत्येक खण उघडणाऱ्या काकू आज सुसाट सुटल्या. मागे कुत्री लागली, तरी थांबल्या नाहीत.

"इतक्या घाईने कुठे चाललीस?" काकांनी गेमच्या पडद्यात डोकावून विचारलं.

"फ्रिजकडे."

"बस तू. काय हवंय सांग, मी आणतो," म्हणत काका स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा.

तिकडे लेकीला बसल्या जागी दुसरा उद्योग नव्हता. ती बोलू लागली. ऑफिसातला कळकट चहा झाला, खोलीतल्या मैत्रिणीचं घोरणं झालं. मग म्हणाली, "एक जण आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो."

काकू धाडकन भिंतीवर आदळल्या.

"काय झालं?"

"काही नाही, भिंत आली मध्ये. तू बोल."

उतारा घेऊन त्या परतल्या, तेव्हा त्यांची स्वतःची पट्टीही निम्मी लाल होती. दार उघडून त्यांनी आधी लेकीला पिशवी दिली. पट्टी सरसर हिरवी झाली आणि लढवय्यी लगेच जिन्याकडे धावली.

"वाचले. चल आई, खाली अजून एक मजला आहे."

"बस खाली. औषध घेतल्या घेतल्या पळायचं नसतं," काकू म्हणाल्या. "हं, शेजारच्या टेबलावर बसतो. मग?"

लढवय्यी निमूटपणे एका उलट्या खोक्यावर टेकली.