गच्चीवरचे सतरा स्वर्गवासी

म्हातारपण या विषयावर आमच्या हिच्या मामांइतका अधिकारी माणूस अख्ख्या लालबाग-परळात सापडायचा नाही. फक्त स्वतःचं म्हातारपण त्यांना दिसत नाही. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत त्यांनी पंख्याचं, गॅसच्या नळीचं आणि यजमानांचं वय सांगून टाकलेलं असतं. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा माझ्याआधी त्यांनी आमचा फ्रीज पाहिला, त्याच्या दाराला कान लावला आणि हिला म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण फ्रीज दोन वर्षांचा सोबती." फ्रीज खरोखरच दोन वर्षांनी गेला. मी अजून आहे, याचं त्यांना थोडं आश्चर्य वाटत असावं.

मामा पेशानं पेंटर. म्हणजे चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. फ्लेक्स येण्याआधी डिलाईल रोडपासून शिवडीपर्यंतची निम्मी दुकानं आपल्या अक्षरांवर चालत होती, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. जाड लाल अक्षर आणि त्याला मागून काळी सावली, ही त्यांची खासियत. धंदा बसला तरी हात काही बसला नाही. सोसायटीच्या टाक्या, मीटरचे खोके, कचऱ्याचे डबे, सगळीकडे तेच देखणं अक्षर आहे. 'ओला कचरा' हे दोन शब्द इतके सुंदर लिहिलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या त्यांच्या इमारतीनं गच्चीवर सोलर पॅनलं बसवली, तेव्हा सतरा घरांनी आपापल्या गेलेल्या माणसाच्या नावे एकेक पॅनल दिलं. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नावं असतात, मग पॅनलांवर का नकोत? मामांनी ऑइलपेंटचा डबा उघडला आणि प्रत्येक काचेच्या खालच्या कडेला बोटभर उंचीची ओळ लिहिली, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पहिलं पॅनल मामींच्या नावाचं. ते रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचे, कबुतरांना मालवणीत शिव्या घालायचे आणि दरवर्षी गणपतीआधी सतराच्या सतरा नावांवर रंगाचा नवा हात मारायचे.

रोज किती वीज झाली त्याचा आकडा जिन्यातल्या एका डबीवर दिसतो. तो वर्षागणिक उतरायला लागला. मामांना त्याचं दुःख नव्हतं. उलट भाषणाला विषय मिळाला. "ऊन खाऊन खाऊन काचेखालचा थर पिवळा पडतो, कडेनं पावसाचं पाणी शिरतं, खारा वारा जोड खातो," असं ते दर सभेत सांगत. "माणसाचं वय होतं, पॅनलाचं होणारच." शेवटी यंदा सेक्रेटरीनं त्यांनाच त्यांच्या शब्दांत पकडलं. "काका, तुम्हीच बोलता ना, म्हातारी झाली म्हणून? मग ठेवायची कशाला? रविवारी मीटिंगमध्ये पास करू, सोमवारी भंगारवाला घेऊन जाईल."

मामांनी आयुष्यभर पुष्कळांची वयं सांगितली, पण भंगारात जाणारं पहिलं नाव मामींचं असेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी हिला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "तुझ्या मामीक भंगारवालो घेऊन जातलो गो." ही तासभर रडली.

त्याच आठवड्यात मामांचा मोतीबिंदू काढायचा होता. तोही कित्येक वर्षं पिकत पडलेला. पट्टी निघाली, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं आणि मामा तडक गच्चीवर गेले. पाठोपाठ मी. काळा चष्मा लावून ते मामींच्या पॅनलासमोर उभे राहिले.

"हे कुणाचं अक्षर?"

"तुमचंच, मामा."

"माझं? एवढं?"

बोटभर अक्षर वीतभर झालं होतं. नजर मंदावत गेली तसतसं ते दरवर्षी थोडं थोडं फुगलं होतं, सोबत त्याची काळी सावलीही, आणि काचेखालचे ऊन पिऊन वीज करणारे चौकोनच्या चौकोन रंगाखाली गडप झाले होते. बाकीच्यांना आपापल्या माणसाचं नाव मोठं झालेलं आवडलंच होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. मामा कठड्याला टेकले. "पॅनलं नाही म्हातारी झाली, जावईबापू. म्हातारा मी झालो."

हे सिद्ध करायचं तर एक पॅनल साफ करून दाखवायला हवं, आणि दुसऱ्यांच्या माणसांना हात लावायचा मामांना अधिकार नव्हता. पॅनल वाचवायचं तर मामींचं नाव पुसणं आलं. शनिवारी त्यांनी थिनर आणि ब्लेड घेऊन एकेक अक्षर काढलं. मला हात लावू दिला नाही. शेवटची वेलांटी निघाली तेव्हा चष्मा वर करून डोळे पुसले, तेही डॉक्टरांनी मना केलेलं होतं.

रविवारची सभा त्यांनी भर दुपारी गच्चीवर भरवायला लावली. इलेक्ट्रिशियननं दोन पॅनलं सोडवून मीटर लावला. आधी सेक्रेटरीच्या वडिलांच्या नावाचं. "झोपलंय," तो म्हणाला. मग मामींचं. आकडा बघून त्यानं मीटर दोनदा झटकला. "काका, हे तर नवीनसारखंच आहे. उन्नीस-बीस फरक."

मामा सेक्रेटरीकडे वळले. "ऐकलंस? म्हातारपण म्हणतात ते एवढंच. बाकी सगळा माझा ऑइलपेंट." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझे बाबा सज्जन माणूस, त्यांना जरा ऊन लागू दे रे." सेक्रेटरीनं बाह्या सरसावून स्वतः थिनर मागितला. संध्याकाळपर्यंत अख्खी सोसायटी आपापले पूर्वज घासत होती. दुसऱ्या दिवशी जिन्यातला आकडा असा चढला की लोक लिफ्ट सोडून तो बघायला जिन्यानं उतरले. मामांनी पेढे वाटले, आणि प्रत्येक पेढ्यासोबत ही हकीकत पहिल्यापासून सांगितली.

नावं मात्र पुन्हा हवीच होती. परवा गच्चीवर गेलो तर मामा दिसेनात, नुसते दोन पाय दिसले. पॅनलाखाली चटई टाकून ते उताणे झोपले होते आणि पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर मामींचं नाव लिहीत होते. अक्षर बोटभरच होतं. मीही वाकून त्यांच्याशेजारी आडवा झालो. तिथे चांगलाच गारवा होता.

"तिला ऊन कधी सोसलं नाही," ब्रश न थांबवता ते म्हणाले. "आणि मी तिला इतकी वर्षं उन्हात ठेवली."