चादरवाल्या बाईंचा लॅपटॉप

समस्त सोलापूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या शहरातला एक लॅपटॉप मरता मरता वाचला, आणि दुरुस्तीच्या दुकानात मी साक्षीला हजर होतो.

मालकीणबाई पन्नाशीच्या, चादरींची नक्षी काढणाऱ्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. जुन्या लॅपटॉपवर विंडोज रांगत होतं, म्हणून त्यांनी स्वतःच पेन ड्राइव्हवर लिनक्स भरून आणलं होतं. पण लॅपटॉप त्यावरून सुरूच होईना. दुकानदाराने बाहेरची सिस्टीम अडवणारं सिक्युअर बूट बंद केलं, दुसरा पेन ड्राइव्हही लावून पाहिला. लॅपटॉप कशावरून सुरू करायचा, त्या बूटच्या यादीत एकाचंही नाव येईना.

"मावशी, भंगारात द्या की," दुकानदार म्हणाला.

"ह्याच्यावर काढलेली चादर दुबईला गेली हाय. भंगार म्हनू नगा."

मग मागावर तुटलेला धागा शोधावा, तसं त्यांनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. पेन ड्राइव्हच्या पोर्टपाशी ते थांबलं आणि लालभडक होऊन वर आलं. दसऱ्याला घरच्या मागांबरोबर लॅपटॉपचीही पूजा झाली होती. कुंकू थेट चालू असलेल्या एकुलत्या एक पोर्टात गेलं होतं.

दुकानदाराने ब्रशने पोर्ट झाडलं, पेन ड्राइव्ह लावला, आणि पडद्यावर लिनक्स अवतरलं. बाईंनी आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू स्वतः विणलेली चादर उलगडून दाखवताहेत. माझीही छाती उगाचच फुगली.

"आता पुढच्या दसऱ्याला ह्याची पूजा नको, मावशी," दुकानदार म्हणाला.

बाई ताडकन बोलून गेल्या, "पूजा हुनारच की. फकस्त कुंकू कपाळाला लावीन, तोंडात भरवनार न्हाय."