शेजारच्या घरातलं वाचन

पेणला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. डोलवीच्या कंपनीत क्रेन चालवतात. सकाळची शिफ्ट असली की संध्याकाळी प्रार्थनेनंतर बायको-मुलींना जवळ बसवून ख्रिस्ती सेवकांची चरित्रं मोठ्यांदा वाचतात. भिंत पातळ, त्यामुळे मलाही ऐकू येतं. अडखळतात, पण वाक्य गाळत नाहीत. कठीण प्रसंग आला की थांबून विचारतात, "तुम्ही काय केलं असतं?"

कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्या नर्सची गोष्ट चालली होती, तेव्हा धाकटीने उलट विचारलं, "पप्पा, तुम्ही?"

"मी पळालो असतो गो. खोटं कशाला बोलू?"

त्याच आठवड्यात आळीतले एक आजोबा कुष्ठरोगातून बरे होऊन घरी आले. त्यांच्याकडे कुणी फिरकेना. हे मात्र मुलींना घेऊन त्यांच्या ओटीवर जाऊन बसले. आळी अरुंद, ती ओटी माझ्या दारासमोरच, त्यामुळे सगळं दिसत-ऐकू येत होतं. आजोबांनी वाकड्या बोटांनी चहा पुढे केला. यांनी कप घेतला, त्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून चहा संपवला.

धाकटीने हळूच विचारलं, "भीती वाटते?"

"व्हय गो," ते पुटपुटले आणि आजोबांकडे वळले. "काका, आणखी अर्धा कप हाय का?"

हा माणूस आपला शेजारी आहे, या अभिमानाने माझा ऊर भरून आला. मी चपला घातल्या आणि त्या ओटीकडे निघालो.