बंधाऱ्यावरचं गाऱ्हाणं

नाईक सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडाळच्या बाजारात उकडे तांदूळ घेत होतो. पिशवी दुकानातच विसरून पिंगुळीला त्यांच्या घरी पोचलो. काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, ओटीवर बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. "माका रडू येणा नाय रे," त्या म्हणाल्या, "राग येता." कुणाचा, ते विचारायची मला गरज नव्हती...

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे संचालक शोकसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "हे ग्रामीण शिबिर मी सुरू केलं, त्यात नाईक सरांनी खारीचा वाटा उचलला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर शिबिर भरवू लागले तेव्हा हे साहेब कॉलेजात आलेसुद्धा नव्हते. मे महिन्यात जवळच्या एका गावचा व्हाळ, म्हणजे ओढा, आटायचा आणि बायका हंडे घेऊन वणवण फिरायच्या, म्हणून सर आम्हा विद्यार्थ्यांना तिथे घेऊन गेले. आंबे खायला मिळतील म्हणून आम्ही गेलो. हातात आलं घमेलं आणि पहार. शाळेत झोपायचो, घराघरातून पेज यायची. आम्ही घातलेला पहिला बंधारा पावसात वाहून गेला आणि गाव पोट धरून हसला. पुढच्या मे महिन्यात सर पुन्हा हजर!

रोज काम सुरू व्हायच्या आधी सर व्हाळाकाठच्या काळ्या दगडावर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचे. गवंडी, मुलं, पेज देणाऱ्या आयाबाया, एकेकाचं नाव घेऊन मागणं मागायचे आणि प्रत्येक मागण्याला आम्ही हात जोडून ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" एकदा मी विचारलं, "सर, ह्याच्यात तुमचा नाव खंय?"

"गाऱ्हाणा घालणारो आपला नाव घेणा नाय रे," सर हसले.

बंधारा पाणी धरू लागला, वर्तमानपत्रात फोटो आले आणि मग साहेब आले. आयत्या बिळावर नागोबा. बंधाऱ्यावर संगमरवरी पाटी बसली, 'शिबिराचे जनक' आणि खाली साहेबांचं नाव. सरांनी एक शब्द विचारला, तर शिबिराच्या समितीतूनच त्यांना काढून टाकलं. मी तणतणत सरांच्या घरी गेलो, तर हा माणूस म्हणतो, "पाणी अडला मा? जांव दे." सर जाऊ देणारे होते. मी नाही.

यंदाच्या शिबिराच्या उद्घाटनाला साहेबांनीच मला बोलावलं. समितीतून काढल्यावरही गाऱ्हाणं सरच घालायचे; आता ते नव्हते आणि गाऱ्हाण्याशिवाय गाव पहारीला हात लावत नाही. मी आनंदाने हो म्हटलं आणि काकींनाही सोबत नेलं. काळ्या दगडावर नारळ ठेवला, हात जोडले. मुलांसाठी मागितलं, गवंड्यासाठी मागितलं, साहेबही सगळ्यांबरोबर हौसेने ओरडत होते. मग मी आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या शिबिर नाईक सरांनी सुरू केल्यानी. ह्यो बंधारो तेंनीच उभो केल्यानी. जेणी तेंच्या कामार आपला नाव लावल्यान, तेका खरा बोलाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गरजला. साहेब गप्प. इतकी वर्षं इथे काढल्यावर मालवणी त्यांना चांगली कळत होती. गाऱ्हाण्याला होकार न देणारा माणूस गावाने कधी पाहिला नव्हता. म्हातारेकोतारे माना वळवून त्यांच्याकडेच बघू लागले. मी तेच मागणं पुन्हा घातलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"व्हय... म्हाराजा," साहेब पुटपुटले.

हा सूड होता आणि तो मला गोड लागला. सरांना आवडला नसता, हेही ठाऊक आहे. पण सर आता मला अडवायला नाहीत. मी नारळ फोडला आणि एक कवड काकींच्या हातात दिली. ती घेऊन त्या सरांच्या त्या काळ्या दगडाशी टेकल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "आता येता रे रडू."